सव्वा कोटीची योजना आणि माणशी अठरा लिटर पाणी : एका गावाचं प्रकरण

केंद्राचा पैसा गावात येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कागदावर वाचून कळत नाही. खाली मांडलेलं प्रकरण पर्जन्यछायेच्या पट्ट्यातल्या एका गावाचं आहे. योजनेच्या अंमलबजावणीला मदत करणाऱ्या संस्थेतर्फे मी तिथे साडेतीन वर्षं जात होतो. गाव, तालुका आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि गावातले आकडे गोल केले आहेत. योजनांचे नियम, वर्षं आणि सरकारी आकडे मात्र आहेत तसे दिले आहेत.

पार्श्वभूमी

गावठाण आणि तीन वस्त्या मिळून लोकसंख्या १,९००, कुटुंबं ४१०. जुनी नळयोजना नव्वदच्या दशकातली. ओढ्याकाठी एक विहीर, पन्नास हजार लिटरची टाकी, गावठाणात १४० नळ. वस्त्यांवर हातपंप, तेही माघ सरला की खडखडायला लागायचे. पाणीपट्टी वर्षाला ६०० रुपये. सगळ्यांनी भरली तरी १४० नळांचे होतात ८४,००० रुपये, आणि सगळे कधीच भरत नव्हते. त्यामुळे वीजबिल थकायचं, महावितरण लाइन तोडायचं, मग कुणीतरी पुढाऱ्याकडे जायचं. उन्हाळ्यात टँकर ठरलेला.

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी, तेही २०२४ पर्यंत. सगळ्या देशाचा अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी, त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटी. महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना केंद्र नव्वद टक्के देतं, आपल्याला पन्नास. याचा अर्थ गावाच्या दृष्टीने इतकाच की पैसा दोन ठिकाणांहून निघतो आणि दोन्हींपैकी एक अडला तरी ठेकेदाराचं बिल अडतं.

या गावाचं अंदाजपत्रक सव्वा कोटीच्या आसपास गेलं. विहिरीचं काम, दहा अश्वशक्तीचा पंप, ऊर्ध्ववाहिनी म्हणजे विहिरीतून टाकीत पाणी चढवणारी पाइपलाइन, उंच टाकी, वितरणाची पाइपलाइन, ४१० नळजोडण्या. १,९०० माणसांना ५५ लिटरने रोजचं पाणी होतं १,०४,५०० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केंद्राचा दुसराही एक पैसा गावात येतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पंधराव्या वित्त आयोगाचा. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना आयोगाने २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. महाराष्ट्रात त्यातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतींना, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. यातला ६० टक्के निधी बंधित : ३० टक्के पाण्यावर, ३० टक्के स्वच्छतेवर. ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही. या गावाला वर्षाला साधारण दहा लाख यायचे. म्हणजे पाण्याचे तीन, स्वच्छतेचे तीन, मोकळे चार.

अडचण कुठे सुरू झाली

जानेवारी २०२२ मध्ये विहिरीच्या जागेची क्षमता चाचणी झाली. पाझर तलावाच्या खाली, ओढ्याच्या वळणावर एका शेतकऱ्याने बक्षीसपत्राने दिलेली दोन गुंठे जागा होती, तिथे आधीपासून एक जुनी विहीर होती. तीच रुंद आणि खोल करायची होती. साडेसातची मोटर लावली, कठड्यावर खडूने रेघ मारली, तासागणिक पाणी किती उतरतं ते मोजलं, मोटर बंद करून पुन्हा किती भरतं तेही मोजलं. दिवसाला सव्वा लाख लिटरच्या आसपास आवक निघाली. लागणार होतं १,०४,५००. सगळे खुश.

शेजारच्या बांधावर शेळ्या घेऊन बसलेली एक मावशी हे सगळं बघत होती. सत्तरीची असेल. तिने आमच्यातल्या तरुण भूवैज्ञानिकाला विचारलं, "पुसातलं पाणी मापून काय करताय सायेब? चैतात या की." तो हसला. मीही हसलो. त्याला सही करून संध्याकाळपर्यंत दुसरं गाव गाठायचं होतं. त्या महिन्यात त्याच्या यादीत अशी बरीच गावं होती.

ही चाचणी उन्हाळ्यात घ्यायची असते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण एप्रिल-मेपर्यंत थांबलं असतं तर प्रस्ताव त्या वर्षीच्या आराखड्यातून बाहेर पडला असता. मार्चच्या आत मंजुरी हवी होती. मिशनचं वेळापत्रक २०२४ चं, त्यामुळे वरून खालपर्यंत सगळेच धावत होते. कुणी खोटं मोजलं नाही. मोजलेलं खरं होतं, महिना चुकीचा होता.

समोरचे पर्याय

पाणीपुरवठा समितीसमोर तेव्हा तीन पर्याय होते.

पहिला, हीच विहीर. खर्च कमी, उंची कमी, वीज कमी. दुसरा, वीस किलोमीटरवरच्या धरणावरून येणाऱ्या प्रादेशिक योजनेत सामील होणं. पाणी बारमाही, पण अशा योजनांमध्ये शेवटच्या टोकाच्या गावाला काय मिळतं हे शेजारच्या दोन गावांनी पाहिलं होतं : आधीच्या गावांनी बिल थकवलं की सगळ्यांचं पाणी बंद. तिसरा, विहीर घ्यायची पण त्याच अंदाजपत्रकात पाझर तलावाचा गाळ, वरचा गळका सिमेंट बंधारा आणि पुनर्भरणाची कामंही धरायची. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत उद्भवाच्या, म्हणजे पाण्याच्या स्रोताच्या, बळकटीकरणावर भर आहे, पण तो पैसा प्रामुख्याने मनरेगा आणि वित्त आयोगासारख्या इतर योजनांतून आणायचा असं धरलेलं होतं. म्हणजे तिसरा पर्याय घेतला असता तर आणखी तीन खात्यांच्या सह्या.

समितीच्या त्या बैठकीत मी होतो. दीड तासात एक तास टाकी कुठल्या आळीत बसवायची यावर गेला. उद्भवावर दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणालं, "सायेबांनी मापलंय ना?" आणि विषय संपला.

पहिला पर्याय घेतला. मला विचाराल तर प्रादेशिक योजना नाकारणं बरोबर होतं. तिसरा पर्याय न घेणं ही चूक होती, आणि त्यात माझाही वाटा आहे. मदत संस्थेचं कामच ते होतं की समितीला सांगावं, "बाबांनो, नळ नंतर, आधी झरा." मी ते तोंडी सांगितलं, टिपणात लिहिलं नाही. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.

लोकसहभागाचा प्रश्न

या मिशनमध्ये गावाने गावांतर्गत कामाच्या दहा टक्के भरायचे असतात. डोंगराळ, जंगली किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातीचं गाव असेल तर पाच टक्के. रोख, वस्तू किंवा श्रमदान, कसंही चालतं. या अंदाजपत्रकात गावांतर्गत धरलेली कामं ७० लाखांची होती, म्हणजे सात लाख. घरटी १,७०० रुपये.

ठेकेदार ठरला तेव्हा त्याने सरपंच ताईंना निरोप पाठवला : "कशाला घरोघर फिरताय, माझ्याकडून भरतो." मी पाहिलेल्या गावांपैकी बऱ्याच ठिकाणी असंच होतं, आणि कागदावर लोकसहभाग शंभर टक्के दिसतो.

या गावाने नकार दिला. तत्त्वाने नाही दिला. विरोधी गटाला संशय होता की ठेकेदाराने पैसे भरले तर टाकी सरपंचांच्या आळीत जाईल. ग्रामसभेत आवाज चढले, आणि ताई चिडून म्हणाल्या, "बरं, मग भरा सगळ्यांनी." तिथून वसुली सुरू झाली. आठ महिने लागले. रोख ३ लाख ९० हजार जमले, म्हणजे सव्वादोनशेच्या वर घरांनी भरले. बाकीचं चर खोदायच्या श्रमदानात मांडलं. बचतगटाच्या बायकांनी त्याची हजेरी शाळेच्या आलेखवहीत ठेवली होती. त्या वहीच्या मागच्या पानावर कोणी किती फूट चर खणला हेही आहे, आणि कोण नुसताच चहा पिऊन गेला हेही.

चुकीच्या कारणासाठी घेतलेला हा निर्णय पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला. ज्याने १,७०० रुपये भरले तो पाइप किती खोल गाडतायत ते बघायला यायचा. एकदा एका आजोबांनी काठीने चर मोजून दीड फुटावरच काम थांबवलं होतं.

काय घडलं

नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्यारंभ आदेश मिळाला. वर्षभरात विहीर, ऊर्ध्ववाहिनी आणि टाकी उभी राहिली. २०२३ चा पाऊस हुकला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हा तालुका त्या यादीत होता की नव्हता हे सांगितलं तर गाव ओळखू येईल, पण यादीत नाव असल्या-नसल्याने विहिरीला फरक पडत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नळाला पहिलं पाणी आलं. ३५६ घरांना. दोन किलोमीटरपेक्षा थोड्या कमी अंतरावरची एक वस्ती, ५४ घरांची, राहिली होती. तिथपर्यंत पाइपच गेला नव्हता. दीड महिन्यात नळ करंगळीएवढे झाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही विहीर पुन्हा मोजली, त्याच पद्धतीने. दिवसाची आवक ३५,००० लिटर.

३५,००० भागिले १,९००. माणशी १८ लिटर. टंचाईत टँकरने पाणी देताना ग्रामीण भागात माणशी २० लिटरचं माप धरतात. म्हणजे सव्वा कोटीची योजना टँकरपेक्षा दोन लिटर मागे होती. मी तो भागाकार समितीच्या फळ्यावर केला तेव्हा कुणी काही बोललं नाही. ती मावशी बैठकीला नव्हती, पण तिचा नातू होता. तो म्हणाला, "आजी म्हणलीवती." एवढंच.

निर्णयाचे तीन क्षण

पहिला मे २०२४ मध्ये. तलावातला गाळ काढायचा तर हीच वेळ. पण लोकसभेची आचारसंहिता चालू होती, वित्त आयोगाच्या पैशातून नवं काम सुरू करता येत नव्हतं. पाण्याच्या बंधित निधीत दोन वर्षांचे मिळून सहा लाख पडून होते आणि हात लावता येत नव्हता. थांबायचं की वर्गणी काढायची? थांबलं असतं तर आणखी एक वर्ष. शेवटी मशीनच्या डिझेलपुरती वर्गणी काढली आणि गाळ ज्याने त्याने आपल्या ट्रॅक्टरने न्यायचा असं ठरलं.

इथे एक सौदा झाला तो सांगायलाच हवा. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन भावांचे डाळिंबाचे बाग आहेत, दोघांचे बोअर. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायचा नाही, हा नियम महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. एकाचा बोअर जुना, दुसऱ्याचा नियमानंतरचा. तक्रार करता आली असती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तसा अर्ज लिहूनही ठेवला होता. पण सरपंच ताई आधी त्या भावांच्या आईकडे गेल्या. ठरलं ते असं : फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत दोन्ही बोअर दिवसाआड आणि फक्त दोन तास, त्याच्या बदल्यात तलावातल्या गाळाचा पहिला मान त्यांचा. मुरमाड रानावर अर्धा-पाऊण फूट काळा गाळ पडला तर तो बोअरपेक्षा महाग असतो, हे त्या म्हातारीला लगेच कळलं. अर्ज कपाटातच राहिला. कागदाच्या नियमाने हे झालं असतं का? मला नाही वाटत. पण या सौद्याची कुठेही नोंद नाही, आणि भावांची पुढची पिढी तो पाळेल याची खात्री काय, हा प्रश्न ताईंनाही आहे.

दुसरा क्षण १५ ऑगस्ट २०२४ च्या ग्रामसभेचा. मिशनमध्ये गाव 'हर घर जल' झालं हे आधी पाणीपुरवठा विभाग कळवतो, नंतर ग्रामसभा ठराव करून प्रमाणित करते. या दोन्हींत फरक आहे, आणि गावाच्या हातात असलेलं एकमेव हत्यार तेच आहे. पाऊस चांगला झाला होता, विहीर काठोकाठ, गावठाणातले नळ धो-धो. विभागाचा माणूस छापील ठराव घेऊन आला. वस्तीवरच्या ५४ घरांपुढे तोवर सिमेंटचे ओटे बांधून त्यावर नळ बसवले होते आणि प्रत्येकाचा फोटो ऑनलाइन चढला होता. मी एका ओट्यामागे जाऊन पाहिलं. नळाच्या मागे हातभर पाइप होता आणि तो मातीत संपत होता. एका घरातल्या पोराने त्या नळाला दप्तर अडकवलं होतं.

सही करायचा मोह मोठा होता. ठराव झाला तर गावाचं नाव यादीत, आणि नियमाप्रमाणे लोकसहभाग भरलेल्या गावाला काम पुरं झाल्यावर गावांतर्गत खर्चाच्या सुमारे दहा टक्के रक्कम फिरता निधी म्हणून मिळू शकते, दुरुस्तीसाठी. भाऊसाहेबांचं मत सही करावी असं होतं. "नंतर भांडू," ते म्हणाले. वस्तीवरच्या बायका ग्रामसभेला आल्या नसत्या तर बहुतेक तसंच झालं असतं. त्या आल्या, तेही त्या वहीसकट. श्रमदानात सगळ्यात जास्त फूट त्यांच्या वस्तीचे होते. ठराव झाला तो असा : ३५६ जोडण्या चालू, ५४ बंद, उद्भव उन्हाळ्यात अपुरा, म्हणून प्रमाणपत्र आत्ता देत नाही. विभागाला हे आवडलं नाही. पण पुढे वस्तीचं काम मार्गी लागलं ते याच ठरावाच्या नकलेवर.

तिसरा क्षण पैसा थांबल्यावरचा. मिशनची मूळ मुदत मार्च २०२४ ला संपली आणि २०२४-२५ मध्ये केंद्राचा हात आखडला. त्या वर्षीची तरतूद ७० हजार कोटींच्या घरात होती, सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. राज्यभर ठेकेदारांची बिलं थकली, आंदोलनं झाली. आमच्या ठेकेदाराने दिवाळीआधी पंपघराला कुलूप लावलं आणि माणसं दुसरीकडे हलवली. त्याला शिव्या घालणं सोपं होतं. त्याचीही बिलं दोन टप्प्यांची अडकली होती, आणि त्याने पाइप उधारीवर उचलले होते.

मग वस्तीचं काय? एक, वाट बघायची. दोन, वित्त आयोगाच्या पाण्याच्या बंधित निधीतून ग्रामपंचायतीनेच पाइप टाकायचा. सदस्यांपैकी बहुतेकांना दुसरं हवं होतं, तेही लगेच. पण ते काम जलजीवनच्या अंदाजपत्रकात होतं. एकाच कामाला दोन शीर्षांतून पैसा लागला की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला, आणि वसुली लागते ती सरपंच आणि ग्रामसेवकांच्या नावावर. तीन, ते काम मूळ योजनेतून रीतसर वगळून घ्यायचं, उपअभियंत्याने एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद करायची, मग ग्रामपंचायतीने ते पुरवणी आराखड्यात घालायचं. स्वच्छतेचा बंधित निधी पाण्याकडे वळवावा असंही एकाने सुचवलं. तसं करता येत होतं, पण एका बाबीची गरज पूर्ण भागली असेल तरच, आणि गावातली गटारं बघता तसा दाखला द्यायला कुणाची जीभ वळेना.

तिसरा मार्ग घेतला. वगळण्याच्या एका पत्राला चार महिने लागले. दोनदा फाइल परत आली, एकदा 'काम प्रगतीत' असा शेरा मारून. मध्ये विधानसभेची आचारसंहिता. नंतर पुरवणी आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवायचा तर सरपंच ताईंच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली. आराखड्यात काम नाही तर पैसे निघत नाहीत, आणि सरपंच-ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्यांशिवायही निघत नाहीत. तालुक्याला तीन खेपा घालून ती पेनड्राइव्हएवढी वस्तू नवी करून आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वस्तीची लाइन सुरू झाली. खर्च ३ लाख २० हजार. गळका सिमेंट बंधारा दुरुस्त करायला आणि ओढ्यात पुनर्भरणाचा चर घ्यायला २ लाख ४० हजार. सहा लाखांतले ५ लाख ६० हजार संपले.

पाणीपट्टी

हे थोडक्यात. नवा दर महिन्याला १०० रुपये. ४१० घरांचे वर्षाला ४ लाख ९२ हजार. वीजबिल महिना दहा हजार धरून १ लाख २० हजार, पाणी सोडणाऱ्या दादांचे महिना सहा हजारांनी ७२,०००, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) आणि किरकोळ दुरुस्ती ५०,०००. एकूण २ लाख ४२ हजार. म्हणजे निम्मी वसुली झाली तरी जेमतेम भागतं. पहिल्या वर्षी साठ टक्के झाली. वीजबिल बंधित निधीतून भरायची मुभा होती, पण समितीने ठरवून ती वापरली नाही. बंधाऱ्याचा पैसा बिलात गेला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मीटर बसवावेत असं मी सुचवलं होतं, ते मात्र हाणून पाडलं गेलं. गावठाणात ज्यांच्या अंगणात म्हशी आहेत त्यांचा आवाज मोठा आहे.

निष्पत्ती

एप्रिल २०२५ मध्ये विहीर पुन्हा मोजली. दिवसाला ६२,००० लिटर. माणशी ३२ लिटरच्या थोडं वर. पाणी दिवसाआड, पण ४१० घरांना, वस्तीसकट. त्या उन्हाळ्यात टँकर आला नाही.

हे यश म्हणून मांडायला मी कचरतो, त्याला कारण आहे. २०२४ चा पाऊस चांगला होता, आणि २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अवकाळी पावसाने असा धुमाकूळ घातला की उन्हाळ्याचा शेवटचा, सगळ्यात कठीण महिना परीक्षेतून गळालाच. गाळ काढला म्हणून पाणी वाढलं, बंधारा दुरुस्त केला म्हणून, भावांनी बोअर आवरले म्हणून की नुसताच पाऊस बरा झाला म्हणून? चारही थोडं थोडं असेल. २०२३ सारखं एक वर्ष पुन्हा आल्याशिवाय कळणार नाही, आणि ते यावं असं कोण म्हणेल.

५५ लिटर अजून लांब आहेत. ठेकेदाराचं शेवटचं बिल अडकलेलंच आहे, त्यामुळे योजना रीतसर हस्तांतरित झालेली नाही. टाकीला रंग लागलेला नाही, पंपघराच्या खिडकीला तावदान नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ आणि ६७,००० कोटींची तरतूद जाहीर झाली, तेव्हा ठेकेदाराने ताईंना फोन करून विचारलं, "आता तरी निघेल का हो?" ताईंनी त्याला विभागाचा नंबर दिला.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणी वैशाखात. त्यासाठी प्रस्ताव एक वर्ष मागे पडला तरी चालेल. २०२२ ऐवजी २०२३ ला मंजुरी मिळाली असती तर नुकसान काय होणार होतं? उलट, घाईने पुढे गेलेल्या योजनाही पैशाच्या त्याच खिंडीत येऊन थांबल्या. अर्थात हे आज बोलणं सोपं आहे. तेव्हा रांगेतून बाहेर पडलेलं गाव पुन्हा रांगेत येईल याची हमी कुणी देत नव्हतं.

वस्तीची लाइन शेवटी ठेवणं ही दुसरी चूक. ठेकेदार स्वाभाविकपणे जिथे एका चरात जास्त जोडण्या होतात तिथून सुरू करतो, कारण बिल जोडण्यांवर निघतं. जिथे चर लांब आणि घरं थोडी, ते मागे राहतं, आणि पैसा थांबतो तेव्हा तेच अर्धवट राहतं. कामाचा क्रम कार्यारंभ आदेशाआधी समितीने लिहून द्यायला हवा होता. तो तेव्हा कुणी मागितला नाही, आम्ही सुचवला नाही.

वित्त आयोगाचा पाण्याचा निधी दोन वर्षं पडून होता याचं मला अजून वाईट वाटतं. जलजीवन येतंय म्हणून पाण्यावरचा इतर खर्च थांबवायचा, अशी एक सवय सगळीकडे पडली होती. मोठा पैसा येणार म्हटल्यावर छोटा पैसा बाजूला बसला. पाझर तलावाच्या वरचा तो बंधारा २०२१ मध्येही गळत होता आणि २ लाख ४० हजारांचं काम तेव्हाही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात होतं. पंधराव्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचाच. पुढच्या आयोगाच्या पैशातून पहिलं काम कुठलं, यावर समितीत आत्ताच दोन गट आहेत : एकाला दुसरा बंधारा हवाय, दुसऱ्याला टाकीचा रंग.

आणि बोअरचा सौदा लिहून घ्यायचा की नाही, यावर माझं आणि ताईंचं एकमत नाही. मी म्हणतो ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावा. त्या म्हणतात, "लिहिलं की ते भांडायला मोकळे होतात, साहेब. आत्ता त्यांना लाज आहे."

विहिरीच्या कठड्यावरची जानेवारी २०२२ ची खडूची रेघ पावसाने कधीच गेली. तिच्या जागी समितीतल्या बायकांनी ऑइलपेंटची पट्टी मारली आहे, फूट-फुटाची. महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला एक जण गाठी मारलेला दोर सोडून पाणी मोजते आणि त्याच जुन्या आलेखवहीत उतरवते. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा वहीत तारखेचा रकाना इंग्रजी महिन्यांचा होता. कुणीतरी त्याच्या शेजारी पेन्सिलीने दुसरा रकाना आखून पूस, माघ, फागुन, चैत असं लिहायला घेतलं होतं.